नांगराची खोड

चिमणाबाईनं आयुष्यात सतरा बैल निवडले होते आणि एकातही फसली नव्हती. मुरगूडच्या बाजारात ती उतरली की दलाल एकमेकांना डोळ्यानं खुणावायचे, "आली बाबा म्हातारी. दाखवा आता दात." शाळा म्हणाल तर दुसरीतनंच सुटलेली, सही करायची झाली तर घाम फुटायचा. पण जनावराच्या पाठीवरनं एकदा हात फिरला की त्याची कुंडली सांगणारी बाई. आणि सांगायची तीही चारचौघांत, मोठ्यानं, विकणाऱ्याच्या तोंडावर.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी भावकीतल्या तिघांनी, चिमणाबाईच्या घरासकट, पत्तीवर म्हणजे भागीत जुना ट्रॅक्टर घेतला. अवजारं मात्र ज्याची त्यानं बघायची असं ठरलं. तिचा लेक कृष्णात म्हणाला, "आये, मी जाऊन कोल्हापुरातनं एखादा जुना नांगर आणतो."

"तुला बाजारातनं वांगं निवडून आणता येत न्हाई, नांगर काय निवडतोस? मी येतो."

ट्रॅक्टरला ही बाई हो म्हणाली कशी, हेच गावाला कोडं होतं. कारण चार वर्षांमागं तिच्या पाठच्या भावानं, आजऱ्याकडच्या हंबीररावानं, बैल विकून नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा पूजेला ही गेलेली. ओवाळून ताट खाली ठेवायच्या आत म्हणाली, "हंबीर, आता ह्येच्या शेणानं घर सारव बरं का." मांडव हसून आडवा झाला. हंबीरराव तेवढा हसला नाही. तेव्हापासनं भाऊबीजेला तो स्वतः यायचा बंद झाला, लेकाच्या हातनं लुगडं धाडायचा. चिमणाबाई म्हणायची, "यील की. पाठचा हाय, पाठ सोडून जातोय कुठं?" म्हणायची खरी, पण आई-बाप गेलेले, दुसरं भावंड नाही, माहेर म्हणून तेवढं एकच माणूस उरलं होतं, हे ती विसरत नव्हती. आता मजूर मिळेनात, बैलही थकले, म्हणून तिनं आपल्याही दारात ट्रॅक्टर येऊ दिला. पण ही बातमी माहेरी कळवायची म्हटलं की तिला दुसरंच काहीतरी काम आठवायचं.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या पाठीमागं पिराजी नावाच्या माणसाची जुन्या अवजारांची वखार होती. तारेच्या कुंपणात नांगर, कुळव, ट्रॉल्या, चाकं असा ढीग. पिराजी पान लावत बसलेला. चिमणाबाईनं पदर खोचला आणि सरळ ढिगात शिरली.

"मावशी, काय पायजे सांगा, मी दावतो."

"तुमी पान खावा पावणं. मला डोळं हायत."

बाईनं बैल बघावा तसं लोखंड बघायला सुरुवात केली. फाळावर नख ओढलं. जोडावर दगडानं ठोकून आवाज ऐकला. एका नांगराला नवा लाल रंग दिलेला बघून म्हणाली, "म्हातारीला हळद लावलीय जणू." नऊ फणांच्या अवजारापाशी थांबून दोन्ही हात पसरून त्याची रुंदी मापली.

"आमचं रान दोन एकर नदीकाठचं आन वीस गुंठं माळाचं. ह्यो आडदांड तिथं वळणार कुठं? शेजाऱ्याच्या चुलीवर?"

"पाच फणी हाय की," पिराजी म्हणाला.

"हाय, पर त्येचा एक फण वाकडा हाय. तुमाला दिसला न्हाई, मला दिसला."

पिराजी हसला. गिऱ्हाईक कुठल्या जातकुळीचं आहे ते त्यानं ओळखलं.

आणि मग कोपऱ्यात तिला तो दिसला. दोन फाळांचा निळा नांगर, वर गोणपाट टाकलेलं. तिनं गोणपाट ओढून काढलं. फाळांची धार अजून जेमतेम झिजलेली. आतल्या अंगाला कारखान्याचा रंग तसाच चकाकत होता. ढिगात असा दुसरा नग नव्हता.

"आये, ह्यो नको," कृष्णात मागनं म्हणाला.

"का?"

"उगंच. जड हाय."

"नांगर जड नसतोय तर काय सोजीचा असतोय?" तिनं लेकाकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला दिसला असता. तिनं पिराजीला भाव विचारला आणि रिवाजाप्रमाणं निम्म्यानं मागितला.

"न्या," पिराजी म्हणाला.

चिमणाबाई जागच्या जागी थांबली. चाळीस वर्षांच्या बाजारात पहिल्या बोलाला तिला कुणी "न्या" म्हटलं नव्हतं. एका बोलात सुटणारं जनावर एक तर मारकं असतं, नाहीतर कामाच्या वेळी बसकण मारणारं. त्याला बाजारात एकच उपाय. विकणाऱ्याला जनावराच्या पाठीवर हात ठेवायला लावायचा आणि खोड विचारायची. हात ठेवून खोटं बोलला तर त्याच्या गोठ्याला बरकत राहत नाही, हे दलालसुद्धा मानतात.

"पावणं, हिकडं या. ठेवा हात ह्येच्यावर. आन सांगा खोड."

"अवो मावशी, लोखंडाला कसली खोड?"

"ठेवा की! का पान हातात हाय म्हनून जड झालाय हात?"

"आये, चल, आपुन दुसरीकडं बघू," कृष्णातनं तिचा दंड धरला. तिनं झटकला.

पिराजीनं पान खाली ठेवलं, हात धोतराला पुसला आणि नांगराच्या दांड्यावर ठेवला. त्याचा आवाज खाली आला.

"नांगराची काय चूक न्हाई मावशी. पर ह्येनं मानसाचा पाय घेतलाय. मालक फाळात अडकलेला पाला काढाय वाकला, आन वर उचलल्याला नांगर खाली आला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिकडं आता ह्येला कोन घेईना. रगात पिलेलं लोखंड दारात ठेवत न्हाईत."

"शिव शिव! कुठला म्हनायचा?"

"आजऱ्याकडचा. हंबीरराव म्हनून हायत. मी गाडी घेऊन गेलतो आनाय, तवा बाजेवर पडून हुतं. मला म्हनालं, पिराजी, कुठं बी इक, पर कागल-मुरगूडकडं इकू नको. तिकडं भन हाय माजी. तिच्या कानावर गेलं तर पायापरास तिच्या जिभंचंच जास्ती दुखंल."

शेजारच्या कारखान्यात घण पडत होता. चिमणाबाईला तो दिसत होता, वर जाताना, खाली येताना; आवाज मात्र येईना. हंबीरराव काय एकच असतो का त्या मुलखात? असतील दहा. पण मग तिनं मागं वळून कृष्णातकडं बघितलं. लेक मातीकडं बघत उभा होता.

"कुठला पाय?" तिनं विचारलं.

आपण काय विचारतोय हे तिचं तिलाच कळलं नाही. डावा काय, उजवा काय, सारखंच की.

"डावा," उत्तर पिराजीनं नाही, कृष्णातनं दिलं.

ती तिथंच ट्रॉलीच्या चाकावर बसली. पिराजी एकदा तिच्याकडं, एकदा लेकाकडं बघायला लागला, आणि मग त्याचाही हात दांड्यावरनं हळूच खाली आला. "आयला," तो पुटपुटला. "मावशी, तुमीच व्हय?"

"तुला कवा कळलं?" तिनं लेकाला विचारलं.

"दोन म्हयनं झालं. दवाखान्यात गेलतो मी, तीनदा. मामांनी शपथ घातली हुती."

"गावाला ठावं हाय?"

कृष्णात पाठ करून गोणपाट परत नांगरावर टाकायला लागला. म्हणजे ठाऊक होतं. पाणंदीत भेटणाऱ्या बायकांना, पिठाच्या गिरणीवाल्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. दोन महिने तिच्या पाठच्या भावाचा पाय नव्हता आणि ती ह्या त्या सुनेची खोड काढत पाणंदीत उभी राहत होती. गाव तिच्या तोंडाला भितं ह्याचा तिला उभ्या जन्मात अभिमान होता. आज पहिल्यांदा कळलं, की घरची माणसं सुद्धा त्यातच आली.

"आजऱ्याची गाडी किती वाजता हाय?" एवढंच ती म्हणाली.

एसटीत ती खिडकीपाशी बसली. तीन तास एक शब्द नाही. कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून कुरकुर केली, तरी नाही. कृष्णात घाबरून दर मैलाला विचारायचा, "आये, पानी पितीस?" ती मान हलवायची. तोंडाशी शब्द यायचे, पण ते तिचे नेहमीचेच शब्द होते, सगळ्यांना धार. त्यातला एकही भावापुढं ठेवण्यासारखा तिला सापडेना.

माहेरच्या दारात ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. भावजय तानाबाई अंगणात शेंगा फोडत होती. नणंदेला बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "वन्सं! अगं बया..." म्हणून ती पुढं आली, मग थबकली, आणि दार अडवल्यासारखी उंबऱ्यात उभी राहिली. नवऱ्याला कुणापासून तरी राखावं तशी. चिमणाबाईला तेही दिसलं.

हंबीरराव सोप्यात बाजेवर टेकून बसलेला. गडी निम्मा झाला होता. धोतराचा डावा सोगा गुडघ्याखाली दुमडून दोरीनं बांधलेला. त्याच्याखाली काही नव्हतं. बाजेचं नुसतं सुंभ दिसत होतं.

चिमणाबाई तिथंच बघत राहिली. ऐकलेलं आणि दिसलेलं ह्यात एवढं अंतर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"या आक्का," हंबीरराव म्हणाला. मग लेकाला बोलावं तसं कृष्णातला म्हणाला, "सांगितलंस व्हय रे?"

"मी न्हाई मामा. नांगरानं सांगितलं."

हंबीररावानं डोळे मिटले. "बरं. आक्का, बोल आता. काय बोलायचं ते एकदम बोलून टाक. मी तयारच हाय दोन म्हयनं."

ती बाजेच्या कडेला बसली. सोप्यात सगळे उभे, तिच्या तोंडाकडं बघत. तिचे ओठ हलले, पण काही बाहेर आलं नाही. एक कोंबडी आत येऊन बाहेर गेली.

"अगं बोल की!" हंबीरराव आता खरोखरीच घाबरला. "तू बोललीस तर सोशीन मी. तू अशी गप बसलीस की मी मेल्यागत वाटाय लागलंय."

"हंबीर," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "मला नांगर निवडाय येत न्हाई रं."

हंबीररावानं डोळे उघडले. तानाबाईनं पदर तोंडाला लावला. ह्या बाईला काही येत नाही असं तिच्या तोंडून त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे?"

"ट्रॅक्टर घेतलाय आमी. जुना. पत्तीवर. तुला कळवाय तोंड न्हवतं. दोन एकर आन वीस गुंठं. काय घिऊ सांग."

हंबीरराव तिच्याकडं बघत राहिला. मग टेकलेलं अंग त्यानं हातांवर जोर देऊन सरळ केलं. "लई मोठं घिऊ नको. तेवढ्या रानात ते वळायचं न्हाई. पाच फणी बग. आन पिन बग आदी, पिन झिजली असंल तर अवजार फुकट दिलं तरी घिऊ नको. पाला काढाय वाकायचं झालं तर खाली लाकडाचा ठोकळा..." तो थांबला. "मी तेवढा ठोकळा लावला नव्हता आक्का. नांगर गुणाचा हाय. तोच ने."

"तो माज्या दारात येनार न्हाई," ती म्हणाली. ह्या वेळी आवाज तिचाच होता. "तू दुसरा निवडून दे."

"हितं बसून?"

"हितं बसून कसा? वखारीत चल."

"मला कोन नेनार, आक्का? मी अंगनात बी गेलो न्हाई अजून."

"ह्यो कृष्णात बैलावानी वाढलाय, तो काय फुकटच? उद्या पयली गाडी."

हंबीरराव खाली बघत राहिला, त्या रिकाम्या सुंभाकडं. चिमणाबाईनंही तिकडंच बघितलं, आणि ह्या खेपेला नजर काढली नाही. दोरीची गाठ सैल झाली होती. ती तिनं सोडली, धोतर नीट दुमडलं, परत बांधली. गाठ दोनदा मारली.

"पाच फणीचा एक फण वाकडा हाय त्या पिराजीकडं," ती गाठीकडं बघत म्हणाली.

"वाकडा फण भट्टीत सरळ हुतोय," हंबीरराव म्हणाला. "त्येच्यासाठी सोडू नको. मी बगतो." मग त्यानं बायकोला हाक मारली, "तानाबाय, पेटीतनं माजा पटका काड. आन सदरा कुठला बरा हाय बग."

तानाबाई हलली नाही. तिला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून त्यानं ते पुन्हा सांगितलं.