डोळे मिटून चढायचा जिना

माझ्या नवऱ्याला कचेरीत सगळे टेपसाहेब म्हणायचे. नवी बांधकामं तपासून पूर्णत्वाचा दाखला देणं हे त्यांचं काम, त्यामुळे खिशात कायम मोजायची टेप. पण जिन्याला टेप लावण्याआधी ते डोळे मिटून चढायचे. पाऊल अडखळलं म्हणजे पायऱ्या कमीजास्त आहेत, मग दाखला नाही. "आग लागली तर धुरातून माणूस असाच उतरणार," म्हणायचे. कुणाचा चहासुद्धा कधी घेतला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतरही आम्ही भाड्याच्याच घरात, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावानं बोंब. गुडघे गेले तसं त्यांचं खाली उतरणंच बंद झालं. आयुष्यभर कमावलंत काय, असं मी भांडणात विचारायचे, आणि भांडण आमच्याकडे रोजचंच.

म्हणून नर्स असलेल्या आमच्या लेकीनं घर घ्यायचं काढलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. घर दुमजली होतं आणि दाराला उंबरठासुद्धा नव्हता. खालची मागची खोली मी मनातल्या मनात यांना देऊन टाकली, खिडकीशी त्यांची खुर्चीही मांडली.

बघायला गेलो त्या दिवशी शेजाऱ्यांनी यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. घर विकणारा माणूस फरशीचा व्यापारी. फरशीचं कौतुक करता करता त्याचं तोंड दुखत नव्हतं. लेक मात्र जिन्याशी गेली आणि लहानपणी बापाबरोबर खेळायची तशी डोळे मिटून चढू लागली. वर पोचता पोचता तिला ठेच लागली. तिनं कठडा धरला.

"बाबा, शेवटची पायरी उंच आहे."

"वरच्या मजल्याची परवानगी दाखवा," हे फरशीवाल्याला म्हणाले.

"होती ना परवानगी. काम सुरू होईपर्यंत मुदत संपली, एवढंच. मग तपासणी पण राहूनच गेली. चालतं हो, सगळेच करतात." मग तो यांच्याजवळ सरकला. "आणि काका, आता तिथे तुमच्याच हाताखाली शिकलेले साहेब आहेत. तुमचा एक शब्द पडला की दाखला घरपोच."

नाही म्हणायला यांना कधी वेळ लागला नव्हता. त्या दिवशी लागला. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले, आणि मला कळलं की ती खोली त्यांनाही हवी होती. मी देवाला म्हटलं, एकदा तरी यांना वाकू दे.

"शब्दबिब्द कुणी टाकणार नाही," लेक जिन्यावरूनच म्हणाली. "परवानगी नव्यानं काढा, जिना पाडून परत बांधा, रीतसर तपासणी होऊ द्या. मग मी घेते."

"ताई, गिऱ्हाइकांची रांग लागलीय माझ्याकडे."

"मग त्यांनाही डोळे मिटून चढवून बघा."

घरी आल्यावर मी दोघांची बिनपाण्यानं केली. खाण तशी माती, म्हटलं, बापानं घर होऊ दिलं नाही, आता पोरगीही होऊ देणार नाही. मग मी अबोला धरला. जेवायला वाढत होते, पण ताटं आपटून.

"मी त्या फरशीवाल्याला काहीतरी बोलणारच होतो," एकदा हे आपणहून म्हणाले.

राग विसरून मी विचारलं, "काय?"

"हो की नाही, ते अजून मलाच माहीत नाही. पोरीनं वाचवलं."

फरशीवाल्याची रांग लवकरच पांगली, कारण दाखल्याशिवाय कुठलीच बँक गिऱ्हाइकांना कर्ज देईना. शेवटी नाक मुठीत धरून त्यानं नवी परवानगी काढली, जिना पाडून पुन्हा बांधला आणि लेकीला निरोप धाडला.

तपासणीच्या दिवशी हे पुन्हा तसेच खुर्चीत बसून खाली उतरले आणि आले, पण टॅक्सीतून उतरेनात. "तपासणारा साहेब माझ्याच हाताखालचा, मला बघून त्याचा हात ढिला पडेल," म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मी लेकीबरोबर आत गेले. मला तो साहेब ओळखत नव्हता. कचेरीतलं माणूस यांनी कधी घरी आणलंच नाही.

साहेबानं खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, कठडा हलवून पाहिला. मग जिन्याशी येऊन टेप खिशात टाकली आणि डोळे मिटले. लेकीनं माझा हात घट्ट धरला. साहेब एकेक पायरी चढत वर गेला, तिथेच वळला आणि तसाच खाली आला. डोळे उघडून म्हणाला, "ठीक आहे," आणि सही केली.

मी टॅक्सीकडे जवळजवळ पळतच गेले. "अहो, तो डोळे मिटून चढला."

यांनी विचारलं, "अडखळला?"

"नाही."

"आणि उतरताना?"

"उतरतानाही मिटलेलेच होते."

त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. मला या माणसाचा फार अभिमान वाटला. कमावलंत काय, हे मी इतकी वर्षं विचारत होते. मी टॅक्सीचं दार उघडलं आणि त्यांना हात दिला.

"उतरा," म्हटलं, "तुमची खोली दाखवते."