सोड म्हटल्यावर

ब्रेकचा नवा पाईप बसला तेव्हा त्याला वाटलं, आता सुटलो. तिथेच तो फसला.

मोटरसायकल त्याच्या बायकोची. पाईपही तिनेच आणून ठेवलेला. कपाटात टॉवेलांच्या मागे, पाकीटसुद्धा न फोडता. तिथे नवरा कधी हात घालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गेल्यावर टॉवेल शोधायची पाळी त्याच्यावर आली आणि पाईप हाती लागला.

ती दवाखान्यात एक्सरे काढायची. दर एक-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी गाडी टेम्पोत चढवून गावाबाहेरच्या ट्रॅकवर न्यायची आणि दिवसभर गोल गोल पळवायची. ट्रॅकवरची मंडळी तिला ‘एक्सरे’च म्हणत. तो छापखान्यात मशीन चालवायचा. ट्रॅकवर तो गाडीजवळ पाना घेऊन बसायचा, टायरमधली हवा बघायचा, साखळीला तेल द्यायचा. स्वतः कधी बसला नाही. घरून कामावर स्कूटरने जायचा, तीही डाव्या कडेने.

एका सकाळी कामावर निघताना ती बूट घालायला वाकली आणि पुन्हा उठली नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

मग ट्रॅकवाल्याचा फोन आला. चाचरतच विचारत होता, “हंगामातल्या शेवटच्या रविवारची जागा एक्सरेने आधीच धरून ठेवली होती. दुसऱ्या कुणाला देऊ का?”

“देऊ नका,” तो म्हणाला. “मी येतो.”

असं का म्हणाला ते त्याला माहीत होतं. ट्रॅकवर शेवटचं एक लांबलचक वळण होतं. तिथून आली की ती हेल्मेट काढायची आणि घामेजल्या तोंडाने म्हणायची, “अरे, त्या वळणातून बाहेर पडताना जे दिसतं ना...” पुढे वाक्य यायचंच नाही. तो विचारायचा, “काय दिसतं?” ती हात हलवायची. “नाही सांगता येत. तू एकदा बस, मग कळेल.” तो म्हणायचा, बसू कधीतरी.

ती गेल्यापासून सासूबाई त्याच्याकडेच राहायला आल्या होत्या. त्या कोणाला सांभाळायला आल्यात आणि कोण कोणाला सांभाळतंय, हे दोघांनाही नीट कळत नव्हतं. गाडीचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. पण तो ट्रॅकवर जाणार म्हटल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “जा. माझी लेक घरदार सोडून तिथे काय बघायला जायची, ते एवढं बघून या आणि मला सांगा. मग गाडी विका, नाहीतर विहिरीत टाका. मी काही बोलणार नाही.”

तर असा तो कामाला लागला.

ट्रॅकवर न्यायची तर गाडी आधी अर्धी सोलावी लागते. आरसे काढायचे. दिव्यांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे गाडी पडली तरी काचा पसरत नाहीत. रेडिएटरमधलं रंगीत पाणी काढून साधं भरायचं. खालच्या बोल्टांना भोक पाडून तारेने बांधायचं. यातलं सगळं त्याने कितीतरी वेळा केलेलं होतं. पण तेव्हा शेजारी ती असायची. हात पुढे केला की पाना हातात यायचा. आता हात पुढे केला की हातात हवा यायची. बोल्टाला भोक पाडताना ड्रिल मोडलं. दुसरं आणलं, तेही मोडलं. प्लास्टिकच्या आवरणाचा एक कान काढतानाच तुटला आणि एक स्क्रू आत कुठेतरी जाऊन बसला. गाडी हलवली की खुळखुळायचा, वाकून बघितलं की चिडीचूप.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “जावईबापू, ते काय खुळखुळतंय? गाडी, की तुम्ही?”

“दोघंही, आई.”

“मग आधी जेवून घ्या. रिकामं भांडं जास्त वाजतं.”

स्क्रू शेवटी चुंबकाने निघाला. आणि मग आला पाईप.

पाईप बदलला की ब्रेकच्या तेलात हवा शिरते. हवा शिरली की लिव्हर मऊ पडतो. दाबला की सरळ मुठीला जाऊन टेकतो आणि चाक काही थांबत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली चाकाशी बसून एक बारीकसा स्क्रू किंचित उघडायचा, म्हणजे तेल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत उतरतात. मग स्क्रू बंद करायचा आणि वरच्याने लिव्हर सोडायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा उघडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

वर बसायला त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुणा टेम्पो चालवायचा. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून.

“धर,” तो खालून म्हणाला.

“धरलं, दाजी.”

त्याने स्क्रू उघडला. बुडबुडे आले. “सोड.”

मेहुण्याने सोडला.

“धर.”

“धरलं.”

“सोड.”

तेलाची बाटली निम्मी संपली. लिव्हर होता तसाच, लोण्यात बोट घातल्यासारखा. त्याने पाईपच्या तोंडाच्या चकत्या बदलल्या आणि पुन्हा सुरुवात केली. तेच. मग त्याला स्क्रूचा संशय आला. नवा आणून बसवला. तेच. मग नव्या पाईपचाच संशय आला. विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडून त्याने तो काढला आणि जुना परत लावला. पुन्हा तेच. जुना काढून नवा लावला. हाताची बोटं तेलाने सुरकुतली.

“दाजी,” मेहुणा मनगट चोळत म्हणाला, “माझ्या बायकोचं ऐकून माझं जेवढं मनगट दुखत नाही, तेवढं तुमचं ऐकून दुखायला लागलंय.”

“बायकोचं ऐकून मनगट कसं दुखेल?”

“पिशव्या उचलून.”

तो हसला नाही. रविवार दुसऱ्या दिवशी होता. ट्रॅकच्या फाटकावर तपासनीस प्रत्येक गाडीचा ब्रेक स्वतः दाबून बघतो. मऊ लागला की गाडी आल्या पावली परत. एरवी हा ब्रेक त्याने चहा निवायच्या आत करून दिला असता. ट्रॅकवरची पोरं आपल्या गाड्या त्याच्याकडे आणायची ती उगाच नाही.

सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. “झालं का?”

“नाही. कुठून हवा शिरतेय तेच कळत नाही.”

“ताईबरोबर करताना शिरायची?” मेहुण्याने विचारलं.

“कधीच नाही.”

“मग ताई काय वेगळं करायची?”

“वेगळं काय करणार? मी धर म्हटलं की धरायची, सोड म्हटलं की सोडायची.”

“मग मी काय करतोय? तुम्ही सोड म्हणालात रे म्हणालात की सोडतो. एका क्षणाचाही उशीर करत नाही!”

मेहुण्याने हे फुशारकीने म्हटलं होतं. चहा पिऊन तो पुन्हा वर बसला. “धर,” खालून तो म्हणाला आणि या वेळी नळीकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. स्क्रू उघडला. बुडबुडे आले. “सोड,” तोंडातून शब्द गेला. हात मात्र अजून पाना फिरवतच होता. स्क्रू पुरता बंद झालेला नव्हता. वर मेहुण्याने लगेच लिव्हर सोडला आणि नळीतला एक बुडबुडा, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा, उलटा वर चढून आत गेला.

त्याने पाना खाली ठेवला.

शब्द आधी आणि हात मागून. हे आजचं नव्हतं. तो नेहमी असंच म्हणत आला होता. बंद करायला घेतलं की ‘सोड’ म्हणायचं, ही त्याच्या तोंडाची सवय होती. आणि तरीही इतकी वर्षं हवा कधी शिरली नव्हती.

मग त्याला ते दिसलं. ती वर बसलेली, बोटं लिव्हरवर. त्याने सोड म्हटलं तरी तिची बोटं तशीच. मान जरा वाकवून खाली पान्याकडे बघतेय. पाना थांबला, की मग बोटं सुटायची. त्याला वाटायचं, हिचं लक्ष नाही. कधीकधी तो म्हणायचाही, “अगं, सोड म्हटलं ना!” आणि ती म्हणायची, “सोडते रे.”

तिच्या कामात ‘श्वास सोडा’ हा शब्द फोटो निघाल्यावरच उच्चारायचा असतो. आधी उच्चारला तर माणूस हलतो आणि सगळं वाया जातं. नवऱ्याचा शब्द आधी येतो, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार. तिने त्याला सांगितलं नाही, टोकलंही नाही. तेवढा एक श्वास दर वेळी स्वतःच थांबली, आणि ब्रेक चांगला झाला की ट्रॅकवर सगळ्यांना सांगायची, “आमच्या साहेबांचा हात आहे, साधा नाही.”

“काय झालं, दाजी?”

“काही नाही. मी सोड म्हटलं की सोडू नकोस.”

“म्हणजे?”

“पाना थांबला की सोड.”

“मग सोड म्हणता कशाला?”

त्याने पाना उचलला.

ब्रेक लगेच झाला. थोडंसं तेल, चार-दोन बुडबुडे, आणि लिव्हर मधल्यामध्ये असा थांबला की जणू आत लाकूड बसवलंय. मेहुण्याने टाळ्या पिटल्या. “आई, झालं! बघ, दगड झालाय दगड!”

तो आत जाऊन बेसिनशी हात धुवायला उभा राहिला. साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला. तिच्यावाचून ब्रेक होत नव्हता तोवर ती गाडीवर बसलेलीच होती. आता हे काम कुणाबरोबरही होणार होतं. सासूबाईंनी दारातून एकदा बघितलं, नळ चालूच आहे हे बघितलं, आणि दार ओढून घेतलं.

रविवारी सकाळी निघताना सासूबाई पदर खोचून टेम्पोत मेहुण्याच्या शेजारी चढून बसल्या. “मी गाडी बघायला येत नाहीये,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

फाटकावर तपासनीसाने तारा ओढून बघितल्या, चाकं हलवली आणि लिव्हर दाबला. दाबला तो क्षणभर सोडेना.

“एक्सरेची गाडी ना? ब्रेक हिचाच असा असतो. तुमच्या हाताला तोड नाही.”

“माझा एकट्याचा हात नव्हता,” तो म्हणाला.

तपासनीसाला वाटलं, मेहुण्याबद्दल बोलतोय. त्याने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मेहुण्यानेही ती घेतली.

नवशिक्यांच्या गटात तो सगळ्यांत मागे निघाला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, ती वाटली नाही. गाडी शहाण्यासारखी चालत होती. बोटांखाली लिव्हर जिथे हवा तिथे लागत होता. शेवटचं वळण आलं. त्याने वेग उतरवला, गाडी झुकवली आणि बाहेर पडताना मान वर करून बघितलं.

भिंत होती. भिंतीला रचलेले टायर होते. वाळलेलं गवत होतं, मागे पाण्याची टाकी होती.

चुकलं असेल, म्हणून पुढच्या फेरीला जरा बाहेरून गेला. भिंत, टायर, गवत, टाकी. त्याच्या पुढच्या फेरीला वेग थोडा वाढवला. कदाचित ते वेगातच दिसत असेल. भिंत, टायर, गवत. टाकी बघायच्या आतच हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरली आणि समोरचं काहीच दिसेना. त्याने हात वर केला आणि गाडी बाहेर काढली.

सासूबाई कुंपणाशी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. “एवढ्यात?”

त्याने हेल्मेट काढलं. तोंड पुसायचं राहून गेलं.

“दिसलं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नीट बघितलंत?”

“दर फेरीला बघितलं, आई. भिंत आहे. टायर रचलेत. गवत आहे.”

“बस्स?”

“एक पाण्याची टाकी आहे.”

सासूबाई वळणाकडे बघत राहिल्या. हातातल्या रुमालाची त्यांनी घडी केली, उलगडली, पुन्हा केली. “काहीतरी खोटं तरी सांगायचं होतंत,” त्या म्हणाल्या.

“सुचलं नाही.”

“हो. तुम्हाला ते जमायचं नाही.” त्यांनी रुमाल त्याच्या हातात दिला.

ट्रॅकवाला धावत आला. “काय झालं? गाडीत काही बिघाड? आपल्याकडे सामान आहे, लगेच बघू. पुढच्या फेरीला सोडतो तुम्हाला.”

“गाडीला काही झालेलं नाही,” तो म्हणाला.

“मग?”

तो रुमालाने तोंड पुसायला लागला, म्हणून सासूबाईच बोलल्या, “गाडी चांगली आहे हो. आम्हालाच जरा बसू द्या.”

ट्रॅकवाल्याने मान डोलावली आणि आणखी एक खुर्ची आणून दिली. पुढचा गट सुटला होता. वळणातून एकेक गाडी बाहेर पडत होती, आणि ते दोघं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. पण सगळ्यांच्या काचा खाली होत्या.