पिस्टनवरचे बाण

माझ्या स्वयंपाकाला सासऱ्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, सपाट घासायला घेतलं की ते मानगुटीवर बसतात. या जुन्या गाडीचं हेड आधीच कुणीतरी दोनदा घासलेलं. आणखी जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, आणि दुसरं हेड दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही. मी मशीनवर केसभर कट घेतला, पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येत नाही हे दाखवलं, तेव्हा कुठे "बरं आहे" असं ऐकायला मिळालं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

पिस्टन मात्र ते स्वतः बसवतात. नजर अधू झाल्यापासून बोटांनी बघतात. "या इंजिनात चुकलो तर पाने कायमचे खाली ठेवीन," असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. नवऱ्याला बरं वाटलं. त्याला ग्रीसच्या वासानेच शिंका येतात. मला मात्र ते नको होतं. सासूबाई गेल्यापासून हा माणूस फक्त या शेडमध्येच माणसात असतो.

पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवा, नाहीतर इंजिन खडखडतं. सासऱ्यांच्या शेडमध्ये इंजिनाचं तोंड कायम दाराकडे. त्या दिवशी त्यांना उजेड मिळावा म्हणून मी इंजिन ठेवलेलं चाकांचं टेबल फिरवलं आणि सांगायचं विसरले. दुपारी बघते तर सगळे बाण दाराकडे, म्हणजे मागे. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ते जेवून आडवे झाले की गुपचूप काढून नीट बसवीन, असं मी ठरवलं.

पण ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, पुसता पुसता त्यांचा हात भिंतीकडच्या टोकाला गेला आणि टायमिंगच्या दातेरी चाकाला लागला. ते चाक इंजिनाच्या पुढे असतं. ते थांबले. मग एकेका बाणावरून अंगठा फिरवला.

"टेबल कुणी फिरवलं?"

"मी. उजेडासाठी."

"बाण बघितले होतेस?"

"हो."

"मग मूग गिळून का बसलीस?"

"तुम्ही पाने खाली ठेवाल म्हणून. मला ते नकोय, बाबा."

त्यांनी ब्लॉक आडवा केला आणि पिस्टन परत काढायला खालून त्यांच्या दांड्यांच्या, म्हणजे रॉडच्या, कॅप सोडवायला घेतल्या.

"ठेवणारच होतो," ते म्हणाले. "पण आता कसं ठेवू? हेड घासायला शिकलीस, सासऱ्याला 'चुकलात' म्हणायला शिकली नाहीस. ते येईपर्यंत मला सुट्टी नाही."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला कपाळाला आठ्या घालाव्या लागल्या.

पहिला पिस्टन नीट बसला. दुसरा बसवून त्यांनी कॅप उचलली. प्रत्येक कॅप आपापल्या रॉडचीच लागते, आणि हिच्यावरचा आकडा वेगळा होता.

"बाबा, चुकलात. ही तिसऱ्याची आहे."

त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"मग बरोबर असेल ती दे," म्हणत हात पुढे केला.