जोडीची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. वाजत नाहीये, बोलतेय. कारण वाजून सांगता येणार नाही अशी भीती माझ्या पोटात बसली आहे.

पोट म्हणजे काय, तर पत्र्याचा एक लहानसा डबा आणि आत बुचाची गोळी. कारखान्यात जन्मले, खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेमागे पडून राहिले, मग एका हॉकीच्या प्रशिक्षकांनी मला उचललं. त्यांनी मला मैदानावर इतकं पिदडलं की माझा मुलामा उडाला. नवी शिट्टी आल्यावर त्यांनी मला आपल्या गोलकीपर मुलीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, शनिवारी मुलांना पोहायला शिकवतेस ना, तुला होईल.

तीच माझी आताची मालकीण. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कुणी काहीही सांगितलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जमवते." मैत्रिणींनी तिचं नावच जमवतेबाई पाडलंय. त्या हसतात, पण काम असलं की पहिला फोन तिलाच करतात. माणसांची ही एक गंमतच आहे.

गेल्या आठवड्याचंच सांगते. सोमवारी सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी सराव. मंगळवारी तेच, वर ज्युनिअर मुलींच्या सामन्यात पंच आजारी पडला म्हणून ही उभी. बुधवारी अंध विद्यार्थ्यांना धडे वाचून दाखवायला गेली. गुरुवारी रक्तदान शिबिराची बैठक, तिथं खुर्च्या आणण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळं हिच्याच गळ्यात. मी तिच्या पिशवीत मोजे आणि जेवणाचा डबा यांच्यामध्ये राहते. आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून विचारलं, ही हो म्हणाली. डबा माझ्या शेजारी तसाच्या तसा बंद होता.

शुक्रवारी प्रयोगशाळेत हातात काचेचं भांडं धरून ती उभ्या उभ्या झोपली. शेजारच्या मुलाने भांडं अलगद काढून घेतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मला धडकी भरली. कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी तिच्या हातात काच नसते, वस्तीतली मुलं असतात.

पोहण्याच्या तलावावर आमची एक पद्धत आहे. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. मी मध्येच दोनदा वाजले की जिथं असतील तिथं थांबायचं, जोडीदाराचा हात धरायचा आणि वर करायचा. माझ्या मालकिणीला मुलं ताई म्हणतात. ताई हात पाहते. एकटा हात दिसला तर सगळ्यांनी बाहेर.

त्या दिवशी चिमणीचा जोडीदार आलाच नव्हता. चिमणी सगळ्यांत लहान. ताईने तिला दोन बहिणींच्या जोडीत घातलं आणि म्हणाली, आज तुम्ही तिघी. मग ती काठावर उभी राहिली. पिशवीतला फोन वाजत होता. मध्येच तिची मान खाली गेली आणि वर आली. मी तिच्या छातीवर लोंबकळत होते. मला वाटलं, डुलकी लागली.

थोड्या वेळाने तिने मला ओठांत धरून दोनदा फुंकलं. हात वर झाले. बहिणींनीही एकमेकींचा हात धरून वर केला. सगळ्या जोड्या दिसल्या, ताई म्हणाली, "छान, चालू द्या."

मला वरून दिसत होतं. बहिणींच्या शेजारचं पाणी रिकामं होतं. मी ओरडणार कशी? दुसऱ्याने फुंकल्याशिवाय मला आवाज नाही. इतकी असहाय मी कधीच नव्हते.

शेवटी मोठी बहीणच म्हणाली, "ताई, चिमणी कुठंय?"

त्यानंतरची माझी किंकाळी मला अजून ऐकू येते. मुलं भराभर बाहेर आली. ताईने कपड्यांसकट उडी मारली. तिच्याबरोबर मीही तळाशी गेले, माझ्या पोटात पाणी भरलं, गोळी वर चिकटली. तळाला निळ्या फरश्या होत्या, आणखी काहीच नव्हतं. ती वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. तिचं काळीज माझ्यावर आपटत होतं.

तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिकीट खिडकीवरच्या बाई काठावर उभ्या होत्या. त्यांच्या हाताशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली चिमणी कुडकुडत होती. बाईंनी तिला कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं होतं.

ताई काठावर चढून तिच्यापाशी आली. "न सांगता का गेलीस गं?"

"सांगितलं होतं," चिमणी म्हणाली. "थंडी वाजतेय, बाहेर जाऊ का, असं विचारलं. तू मान हलवलीस."

ताई तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि रडली.

आज पुन्हा शनिवार आहे. आता हात वर करायचे नाहीत, मी वाजले की प्रत्येकाने स्वतः ओरडून "आहे" म्हणायचं, असा नवा नियम झालाय. मघाशी मी वाजले. एकेक आवाज आला. दोन आवाजांच्या मधल्या शांततेत माझा जीव अजूनही गोळा होतो. शेवटी चिमणी म्हणाली, "आहे." मग पाण्यातूनच तिने विचारलं, "ताई, तू?"

पिशवीत फोन वाजत होता. मला भीती वाटली, ही वळणार. तुम्हीही असं कुणी जमवणारं माणूस ओळखत असाल, तर त्याला काम सांगण्याआधी एकदा हेच विचारा.

फोन वाजून वाजून थांबला. ताई पाण्याकडेच पाहत होती.

"आहे," ती म्हणाली.