चार बायांदेखत

परिषद कोळवणच्या खोऱ्यातल्या रिसॉर्टवर भरणार आहे हे कळलं, तेव्हाच अमोल धास्तावला होता. समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या आरोग्यावर बोलायला पुण्यामुंबईहून माणसं येणार होती, डॉक्टर येणार होते, वकील येणार होते. त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण कोळवणात त्याची सख्खी मावशी राहत होती.

"रिसॉर्टच्या आत तुझी मावशी कशाला येतेय?" धम्मपाल हसून म्हणाला होता. पुण्याजवळ नेऱ्याच्या फ्लॅटमध्ये दोघं चार वर्षं एकत्र राहत होते. खाली पाटीवर दोघांची आडनावं होती आणि सोसायटीत सगळे त्यांना रूममेट समजत. धम्मपाल पौडचा, फिजिओथेरपिस्ट. त्याच्या घरी सगळं माहीत होतं. वडील, जयवंतराव, वर्षभर बोलले नव्हते. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच फोन करून दोघांना जेवायला बोलावलं. अमोलच्या घरी, माले गावात, कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

परिषदेत दोघांनी मिळून बोलायचं ठरलं होतं. विषय होता दवाखाना. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरून अमोलच्या मांडीचं हाड मोडलं. धम्मपालनं त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तिथं "तुम्ही पेशंटचे कोण?" असं विचारल्यावर तो क्षणभर थांबला, तर स्ट्रेचरवरून अमोलच म्हणाला, "रूममेट." मग ऑपरेशनच्या सहीसाठी रक्ताचं माणूस लागेल म्हणून धम्मपालला बाहेर काढलं. अमोलचा भाऊ किशोर माल्याहून येईपर्यंत तो जिन्याच्या पायरीवर बसून होता. पुढं मावशी बघायला येणार म्हणून अमोलनं त्याला आठवडाभर मित्राकडे राहायला पाठवलं. ह्यातलं काहीही धम्मपालनं कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच अमोलनं कबूल केलं होतं, "ह्या वेळी मी स्टेजवर बोलेन. मी सांगेन."

सकाळी ते आरोहीच्या गाडीतून आले. आरोही त्यांची मैत्रीण, परिषदेच्या आयोजकांपैकी एक. उंचपुरी, जरीच्या काठाची साडी, मोठं कुंकू. तिचा आवाज भारदस्त होता आणि तो लपवायचा ती कधी प्रयत्न करत नसे. भातकापणी होऊन गेली होती, खाचरं मोकळी पडली होती. अमोल खिडकीतून ओळखीचं कुणी दिसतंय का, तेवढंच बघत होता.

चहाच्या वेळेला तो मंडपामागं हात धुवायला गेला आणि चुलीपाशी बसलेल्या बायांतून हाक आली.

"आरं, आमोल न्हवं का तू?"

साळूबाई मावशी. पिठानं भरलेले हात, कपाळावर घामाचे थेंब. रिसॉर्टवाल्यानं गावरान जेवणाचं काम कोळवणच्या बचत गटाला दिलं होतं.

"हितं काय करतुयास?"

"कामाला आलोय गं मावशी," अमोल एका दमात म्हणाला. "ते पडद्यावर चित्र दाखवायचं मशीन हाय न्हवं, ते बघायला. कंपनीनं धाडलंय."

"मला वाटलंच. आपल्या घरातलं माणूस हितं कसं आसंल." मावशीनं आवाज बारीक केला. "काय मानसं हायेत रं ही? ती उंच बाई बगितली का? आवाज गड्यागत हाय तिचा."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आणि अमोलही हसला. नुसता हसला नाही, आरोहीसारखी मान वेळावून, हात उडवून दाखवला. बाया आणखी हसल्या.

"असत्यात अशी," तो म्हणाला. "आपल्याला काय? काम झालं की सुटलो."

"आन् ह्यो कोण?" मावशीनं हनुवटीनं त्याच्या मागं दाखवलं.

धम्मपाल दोन कप चहा घेऊन उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"काय म्हाईत," अमोल म्हणाला. "असंल ह्यांच्यातलाच कुनीतरी."

धम्मपालनं एक कप मावशीच्या शेजारी ओट्यावर ठेवला. "घ्या मावशी, गरम आहे," म्हणाला आणि निघून गेला. दुसरा कप त्याच्या हातात तसाच होता.

अमोलचे कान तापले होते. धावत जाऊन त्याला गाठावं असं वाटत होतं, पण मावशी बघत होती. म्हणून तो खरोखरच प्रोजेक्टरपाशी गेला आणि नीट लागलेल्या वायरी काढून परत लावत बसला.

दुपारी त्यांची पाळी आली. धम्मपाल एकटाच स्टेजवर गेला. अमोलनं वायरींतून मान वर केली नाही.

"माझ्याबरोबर आणखी एक जण बोलणार होता," धम्मपाल म्हणाला. "त्याला आज जमलं नाही." मग त्यानं सगळं सांगितलं. मोटरसायकल, मांडीचं हाड, जिन्याची पायरी. स्ट्रेचरवरून आलेला शब्दही त्यानं सांगितला, पण रागानं नाही. "वेदनेत असलेल्या माणसालाही आधी हेच सुचावं, इतकी ही भीती आत गेलेली असते. मला त्याचा राग कधीच आला नाही. पण आज सकाळी पुष्कळ वर्षांनी मला माझीच लाज वाटली. मी कुणाच्या तरी शेजारी उभं राहायला नको होतं, असं वाटलं. ती लाज मी संपवली होती. ती अशी एका वाक्यात परत येते, एवढंच सांगायचं होतं."

पहिल्या रांगेत आरोही डोळे पुसत होती. मंडपाच्या टोकाला मावशी चहाची किटली घेऊन उभी होती आणि स्टेजकडं नाही, अमोलच्या पायाकडं बघत होती. मांडी मोडली तेव्हा तीच त्याच्यासाठी पायाचं सूप घेऊन आली होती.

तिनं नजर फिरवली, ओळीतल्या लोकांना चहा दिला आणि चुलीकडं गेली.

अमोलनं हे पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला त्याच्या डोक्यात जागा नव्हती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपण हे आत्ताच्या आत्ता धुऊन काढलं पाहिजे. संध्याकाळी गावातल्या भैरूचा टेम्पो बायांना न्यायला आला. भांडी चढली, बाया चढल्या, मावशी मागच्या फळीवर बसली. अमोल पळत गेला. धम्मपाल आणि आरोही फाटकापाशी उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"मावशी! सकाळी म्या खोटं बोललो. म्या मशीन बघायला न्हाई आलो. म्या बी ह्यांच्यातलाच हाय. आन् ह्यो धम्मपाल, आमी दोघं एकत्र ऱ्हातो. नवराबायकोवानी."

गंगूबाई नावाची म्हातारी शेजारणीकडं वळली. एक तरुण बाई तोंडात पदर कोंबून हसू दाबत होती. सकाळी अमोलनं नक्कल केली तेव्हा हसली होती, तशीच. मावशीचा चेहरा काळाठिक्कर पडला. तिनं पदर कपाळावर ओढला.

"भैरू, काढ गाडी," ती म्हणाली.

टेम्पो धुरळा उडवत गेला. अमोलला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. तो धम्मपालकडं वळला.

"हे काय केलंस?" धम्मपाल म्हणाला.

"खरं सांगितलं. तुझ्यासमोर सांगितलं."

"तिला एकटीला सांगायचं होतंस. चार बायांदेखत कशाला? उद्या त्यांच्यातच तिला भाकरी थापायच्या आहेत. तिला गावात राहायचंय, अमोल. तू नेऱ्याला येशील."

नेऱ्याला ते आरोहीच्याच गाडीतून परतले. सकाळची नक्कल आरोहीनं पाहिली होती का, हे विचारायचं धाडस अमोलला झालं नाही. त्यांना सोडताना ती फक्त "जेवून घ्या दोघं" म्हणाली, त्यावरून पाहिलीच असावी असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी तो एकटाच कोळवणला गेला. मावशी अंगणात इंद्रायणीचा तांदूळ उन्हात पसरून खडे वेचत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो पायरीवर टेकला.

"चुकलं माझं, मावशी."

"काय चुकलं?"

अमोल तांदळातला एक खडा उचलून बोटांत फिरवू लागला.

"मला त्या पोराच्या भाषनातच कळलं व्हतं," मावशी म्हणाली. "म्या गप ऱ्हायले. म्हनलं, पोरगं आपनहून येईल, चुलीपाशी बसंल, सांगंल. म्या काय तुला खाल्ला आसता? तू तुझी लाज उचलून माझ्या वटीत टाकलीस आन् मोकळा झालास. परवा लग्नाच्या भाकरी व्हत्या, मला न्हाई बोलवलं बायांनी. गंगूबाई म्हनली, तुला बरं न्हाई म्हनं."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नगं बाबा! तू आता कुनाशी बोलू नगं." आणि मग खडे वेचता वेचता, वर न बघता, "त्याची आई हाय का?"

"हाय. पौडला."

"तिला ठाव हाय?"

"व्हय."

मावशीनं तांदूळ हातानं सारखा केला. "त्याला पायरीवर बशिवलं व्हय रं तुमी," ती म्हणाली. अमोलनं "तुमी" ऐकलं. दवाखान्यानं नाही, तुमी.

चहा तिनं दिला. पुन्हा ये, असं म्हणाली नाही. आईला सांगू का, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "भात झोडून होऊ दे. मंग म्या बघते. तू मदी पडू नगं."

परतीच्या एसटीत गर्दी होती. सगळी खोऱ्यातलीच माणसं. पौडच्या अलीकडं धम्मपालचा फोन आला.

"काय म्हणाली मावशी?"

शेजारी टोपीवाले आजोबा बसले होते, कंडक्टर तिकिटं फाडत होता. "आल्यावर सांगतो," अमोल म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आवाज आपोआप खाली गेलाय आणि फोनवर हाताचा आडोसा धरलाय.

"बरं," धम्मपाल म्हणाला. "ये सावकाश."

अमोलनं हात खाली घेतला. फोन तोवर बंद झाला होता.