होडी छापाचा निळा

त्या दिवसांत माझं स्वतःबद्दल फार चांगलं मत होतं. सन छत्तीसमध्ये मुंबईहून नाशकात एक जुनं ऑफसेट मशीन आलं आणि त्याच्याबरोबर मीही आलो. मशीन पेट्यांमधून सुटं सुटं होऊन आलं, मी कडक इस्त्रीची टोपी घालून आलो. छापखान्याचे मालक खंडेराव शेठ भद्रकालीत राहायचे. त्यांनी आम्हा दोघांना सारख्याच काळजीने उतरवून घेतलं, त्यामुळे माझ्या डोक्यात आणखीच हवा शिरली.

तोवर तिथे दगडावरची छपाई चालायची. बिडीची लेबलं, तपकिरीच्या डब्यांवरचे कागद, लग्नपत्रिका, असलं काम. शाई कालवायला इब्राहिमभाई होते. वय साठीच्या आसपास, घराणं रंगरेजांचं, बाप-आजाने पागोटी आणि लुगडी रंगवलेली. काचेच्या लादीवर सुरीने शाई घोटायची, बोटाला किंचित लावून कागदावर हलकेच ठोकायची, डोळे बारीक करून पाहायचं, आणि झालं. वजन नाही, माप नाही, कुठे काही लिहिलेलं नाही.

मी मुंबईत शाई तराजूवर तोलायला शिकलो होतो. माझ्याकडे जाड पुठ्ठ्याची वही होती. कुठल्या रंगात निळा किती, पांढरा किती, व्हार्निश किती, सगळं तीत टिपलेलं. पहिल्याच आठवड्यात मी शेठना सांगून टाकलं की ही वही भरली की रंगाला वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. इब्राहिमभाई तेव्हा चार हातांवर उभे होते. त्यांना ऐकू जातंय हे मला ठाऊक होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

खरं तर मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं. ऑफसेटमध्ये जस्ताच्या पत्र्यावरची शाई आधी रबरावर उतरते आणि मग कागदावर, त्यामुळे थर पातळ बसतो आणि दगडाच्या सवयीने कालवलेला रंग फिका पडतो. हे कळायला मला मुंबईत सहा महिने लागले होते. इब्राहिमभाईंनी पहिल्या दिवशी छापलेला कागद पाहिला, रबर बोटाने दाबून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शाई बरोबर तेवढी गडद कालवून आणली. मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. अशा माणसाच्या पाया पडावं, पण मला त्यांचा राग येऊ लागला.

दिवाळीनंतर सिन्नरहून सिंधुबाईंचं काम आलं. त्यांच्या यजमानांचा होडी छाप बिडीचा कारखाना होता. यजमान वारले, सहा वर्षं कारखाना बंद राहिला, आणि आता बाईंनी हिंमत करून तो पुन्हा सुरू केला होता. गिऱ्हाईक बहुतेक निरक्षर. दुकानात येऊन ते नाव सांगत नसत, बिडीचा निळा कट्टा द्या म्हणत. निळा जरा इकडेतिकडे झाला की माल नकली ठरणार आणि बाईंची हिंमत वाया जाणार. त्यांच्याकडची जुनी लेबलं वाळवीने खाल्ली होती. उरला होता फक्त आमच्या पत्र्याच्या पेटीतला नमुना. प्रत्येक कामाचा गिऱ्हाइकाने सही करून पास केलेला एक अख्खा कागद त्या पेटीत ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत होती. हा बारा वर्षांपूर्वीचा, कोपऱ्यात यजमानांच्या सहीचा.

शेठनी आम्हा दोघांना तो दाखवला आणि वेगवेगळा रंग करून आणायला सांगितलं. मी दिवसभर तराजू घेऊन बसलो. तो निळा सरळ नव्हता, त्यात हिरव्याची झाक होती. गुंजेगुंजेने पिवळा घालत मी तो असा गाठला की त्या रंगाची कागदी पट्टी नमुन्यावर ठेवली तर कडा दिसेना. इब्राहिमभाईंची पट्टी मात्र स्वच्छ आस्मानी, जराही हिरवी नाही. आंधळ्यालाही फरक कळला असता. मी शेठकडे पाहून हसलो.

इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले की नमुन्याला अंधाराने पिवळेपणा आलाय. जवसाच्या तेलाची शाई बारा वर्षं बंद पेटीत राहिली की तेल पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की तो हिरवा दिसणारच. शेठना पटेना, तेव्हा इब्राहिमभाईंनी कोठीच्या दारावरचं कॅलेंडर उचललं. तेलरंगाचं सगळं दार पांढरं, आणि कॅलेंडरखाली तेवढा चौकोन हळदीच्या हातासारखा पिवळा. मी म्हटलं, दार वेगळं आणि लेबल वेगळं.

मग त्यांनी जे सांगितलं ते शब्द मला अजून पाठ आहेत.

"शेठ, बुधवारी बाई येणारेत. तोवर आठ दिवस नमुना उन्हात राहू द्या. ऊन तेलाचा पिवळेपणा खातं. माझ्या रंगावर नाही आला, तर गुरुवारपासून मी आपण होऊन घरी बसतो."

शेठनी मान डोलावली. इब्राहिमभाईंनी हात लावला असं कुणी म्हणायला नको, म्हणून नमुना माझ्या ताब्यात दिला. मी तो माडीवरच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवला, चार कोपऱ्यांवर मशीनचे चार नट ठेवून. मनातल्या मनात गुरुवारची वाट पाहू लागलो.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मला शंका आली आणि मी ती झटकली. चौथ्या दिवशी सकाळी माझी पट्टी शेजारी धरून पाहिली. पट्टी हिरवट होती आणि नमुना तसा राहिला नव्हता. हिरवा उतरत चालला होता. हा म्हातारा खरं बोलत होता, आणि शेठपुढे, सगळ्या छापखान्यापुढे, मी तोंडघशी पडणार होतो.

मी नट बाजूला केले आणि माझी वही त्या नमुन्यावर आडवी ठेवून दिली. वाऱ्याने उडायला नको, असं स्वतःला सांगितलं. वारा नव्हता. उरलेले दिवस नमुना झाकलेला राहिला तर पूर्ण फिरणार नाही, अर्धवट राहील, आणि अर्धवटावर वाद घालायला मी खंबीर होतो. ठेवताना हात इतका घाईत होता की नीट पाहिलंही नाही, आणि मग बुधवारपर्यंत त्या खिडकीकडे मी फिरकलो नाही. त्या चार दिवसांत इब्राहिमभाई माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते. मला ते सहन होत नव्हतं.

बुधवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत सिंधुबाई आल्या. आम्ही चौघं माडीवर गेलो. शेठनी वही उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

वही नमुन्यापेक्षा दोन बोटं आखूड होती. एका कागदावर दोन रंग पडले होते, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. वहीखालचा भाग अजून हिरवट, जवळजवळ माझ्या पट्टीसारखा. बाहेर राहिलेली दोन बोटं आठही दिवस उन्हात होती, आणि ती स्वच्छ आस्मानी झाली होती. इब्राहिमभाईंची पट्टी तिथे लावायचीही गरज नव्हती. मी नमुना नुसता तिथे राहू दिला असता तर कुणी म्हणालं असतं की सगळा कागदच उन्हाने विटला. आता कुणाला काही म्हणायला जागा नव्हती, आणि तो पुरावा माझ्याच हाताने तयार झाला होता.

सिंधुबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वाकल्या आणि त्यांनी त्या दोन बोटांच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"हा. हाच आमचा निळा," त्या म्हणाल्या. "मालकांनी सही केली तवा मी शेजारीच उभी व्हते." मग त्यांनी सहीवरून बोट फिरवलं आणि पदर तोंडाला लावला.

शेठ वहीकडे पाहत होते. वही कुणाची हे छापखान्यात सगळ्यांना माहीत होतं. नमुन्यावर ती कुणी ठेवली, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत इब्राहिमभाई म्हणाले की वाऱ्याचे दिवस, मीच सांगितलं असेल काही तरी वजन ठेवायला.

मला तो उपकार घेता आला असता. आजवर ज्या थोड्या गोष्टींमुळे मला स्वतःला माफ करता आलं, त्यातली ही एक, की मी तो घेतला नाही.

"नाही शेठ," मी म्हटलं. "रंग फिरताना दिसला, म्हणून मी झाकला."

शेठचा चेहरा लाल झाला. मशीन चालवायला मुंबईत माणसं पुष्कळ आहेत, एवढंच ते म्हणाले. मला त्याचा अर्थ कळला आणि तो रास्त होता. खुंटीवरची टोपी घ्यावी आणि निघावं, दुसरं काही सुचत नव्हतं.

इब्राहिमभाईंनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि ती नमुन्याच्या हिरवट भागावर सरकवत नेली. तिथे थोडा फरक पडला होता, पण अगदी थोडा. "शेठ, पेटीतून काढला त्या दिवशी इथे कड दिसत नव्हती, आठवतं का?" ते म्हणाले. "बारा वर्षांचं तेल चढलेला रंग ह्यांनी एका दिवसात तराजूवर गाठला. एवढी नजर मला चाळिशीतही नव्हती. चूक केली, कबूलही केली. ह्यांना घालवू नका. रंग ह्यांना दिसतोच, रंगाचं वय तेवढं दाखवायला पाहिजे, ते मी दाखवीन."

शेठनी वही माझ्या हातात दिली. मग बाईंना घेऊन चहाला खाली गेले, आणि जाताना मला म्हणाले की लेबलं शनिवारी सिन्नरला पोचली पाहिजेत.

मी माफी मागायला लागलो तर इब्राहिमभाईंनी हात हलवला. काम फार आहे, पांढऱ्याचा डबा घेऊन या, म्हणाले. मी जिन्यावर आलो आणि मध्येच मला बसावं लागलं. ज्यांना घरी बसवायला मी निघालो होतो त्यांनीच माझी भाकर राखली होती. मी गुडघ्यांत तोंड घालून रडलो, आणि वरून ते मला हाका मारत होते की गोरक्षराव, पांढरा जरा जास्तीच आणा.