डेअरीचा थर्मामीटर आणि आवाजाच्या दुप्पट वेग

सावळारामनं डेअरीचा थर्मामीटर पाण्याच्या बादलीतून काढला, एक झटका दिला आणि मेहुण्याच्या राजदूतवर मागं बसला.

"म्हस्कू, सोड गाडी. साठाच्या खाली न्हाय यायचं."

त्याच्या लेकीला, उत्कर्षाला बघायला बावड्याहून आलेला रविराज पोह्यांची बशी घेऊन ओट्यावर तसाच बसून राहिला. घोळ त्यानंच घातला होता. काय काम करता म्हणून विचारल्यावर, बंगळूरला अतिवेगवान विमानांवर हवेचं तापमान मोजतो, एवढं सांगून थांबायचं की नाही! तर म्हणाला, आवाजाच्या दुप्पट वेगात बाहेर शून्याखाली छप्पन्न असलं तरी थर्मामीटर शंभराच्या वर दाखवतो. हवा त्याच्यावर आपटते, थांबते आणि तापते. मग वेगाचा हिशोब करून तेवढं वजा करायचं.

वडगाव निंबाळकरात जन्म गेलेल्या माणसाला वारा म्हणजे गारच. त्यात सावळाराम आधीच पोळलेला. गेल्या वर्षी एकानं फौजदार आहे म्हणून सुपारी फोडली आणि निघाला फौजदाराचा ड्रायव्हर. थापाड्याच्या घरात पोर द्यायची नाही, एवढं त्यानं पक्कं केलं होतं.

पाच मिनिटांत गाडी परत आली.

"एकतीस व्हतं, सव्वीस झालं!" सावळाराम उतरायच्या आधीच ओरडला. "कुठं तापला वारा, पावणं?"

रविराज तोंड उघडणार तोच दाराआडून आवाज आला. आधीच्या चार पाहुण्यांपुढं नाव सांगण्यापलीकडं न बोललेली उत्कर्षा बोलत होती.

"आबा, थर्मामीटर वला व्हता. वल्या फडक्यानं माठ गार हुतो, तसं झालं. पुसून न्या की."

आईनं, मुक्ताबाईनं, तिला चिमटा काढला. सावळारामनं मात्र थर्मामीटर धोतराच्या सोग्याला पुसला. पोरगा त्याला मनातून आवडला होता.

"कोरडा नेला तर वाढंल न्हवं?"

रविराजनं बशी खाली ठेवली.

"न्हाय मामा. मोटारसायकलीच्या वेगाला वाढतं ते इतकं थोडं, की ह्यात दिसायचं न्हाय. पारा हाय तितंच ऱ्हाईल."

म्हस्कूनं कपाळावर हात मारला. लेक वाट करून देत होती आणि हा गडी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होता.

सावळाराम तरी गेलाच. परत आल्यावर त्यानं थर्मामीटर आधी डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला. एकतीस.

त्यानं दाराकडं एकदा बघितलं आणि बायकोला म्हणाला,

"पावण्यास्नी इचार, लग्नाच्या याद्या कवा करायच्या."